वजनाच्या रजिस्टरातले ठिपके

बलभीम लोमटे उंदरांच्या खोलीत गेला तो शिक्षा म्हणून. त्याआधी सात वर्षं तो येडशी रस्त्यावरच्या एका फार्मसी कॉलेजात माळी होता, आणि माळी म्हणून त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कॉलेजला पाणी नव्हतं, म्हणून बाग नव्हती. आणि बागच नाही तर तक्रार कशाची करणार. पण एका वर्षी वरून तपासणीची समिती यायची ठरली. तिच्या कागदात ‘औषधी वनस्पतींचं उद्यान’ असा एक रकाना होता. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना अख्खा परिसर अण्णा म्हणतो, त्यांनी सोलापूरच्या नर्सरीतून अडीचशे कुंड्या दोन दिवसांसाठी भाड्यानं आणवल्या. समितीतले एक गृहस्थ अडुळशापाशी थांबले आणि बलभीमला कौतुकानं विचारू लागले, की असल्या कोरड्या मुलखात ही रोपं तुम्ही जगवता तरी कशी.

“म्या न्हाय जगवत,” बलभीम म्हणाला. “काल आलीत, उद्या जाणार हायत.”

समितीनं कॉलेजला मान्यता दिलीच. तिचं जेवणाआधीच ठरलेलं होतं. बलभीमला मात्र सोमवारी ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं, की तुमच्या सरळ स्वभावाची संस्थेला कदर आहे, आणि म्हणून तुम्हाला अशा जागी नेमण्यात येतंय जिथं कुणाशी बोलायची वेळच येणार नाही.

ती जागा म्हणजे इमारतीच्या मागची ॲनिमल हाउसची खोली. प्रयोगासाठी आणलेले साठ पांढरे उंदीर तिथं प्लास्टिकच्या पिंजऱ्यांत राहत. बलभीमनं त्यांना खाणं-पाणी द्यायचं, खालचा भुसा बदलायचा आणि रोज वजन करून रजिस्टरात लिहायचं. तो रोज तेरहून एसटीनं येई. नव्या कामाची बातमी त्यानं घरी सांगितली तेव्हा त्याची बायको कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “घरातले मारायला औषध आणता, आन तिथले जगवायला पगार घेणार. बरं हाय.”

पहिले पंधरा दिवस बलभीमला त्या खोलीची शिसारी आली. मग सवय झाली, आणि मग हळूहळू गोडी लागली, जी त्यानं बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. कसलं पुस्तक त्यानं वाचलं नव्हतं. पण गुलाबी डोळ्यांच्या ह्या जनावराला दिसतं कमी, ऐकू फार येतं आणि वास त्याहून जास्त येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. दार उघडण्याआधी तो बाहेर मिनिटभर थांबायचा. चप्पल बाहेर काढायचा. कामाच्या वेळात तंबाखू मळायची त्यानं बंद केली. सोडली नाही, तेवढा मोठा माणूस तो नव्हता. हात एकाएकी घालायचा नाही, आधी पिंजऱ्यात नुसता ठेवायचा, त्यांना हुंगू द्यायचा. तीन महिन्यांत उंदीर आपणहून त्याच्या तळहातावर चढू लागले. मग मात्र बलभीमला जरा चढली. साठही उंदीर आपण तोंडावरून ओळखतो असं तो तेरच्या स्टँडवर लोकांना सांगू लागला. लोकांनी विचारलेलं नसायचं.

अशात कॉलेजात डॉ. अनिरुद्ध नळदुर्गकर आले. सरांचा विषय ताणतणाव. जिल्ह्यातल्या शाळांत, बँकांत, एकदा तर पोलीस मुख्यालयातही त्यांनी ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान दिलं होतं, आणि तिथला माईक खरखरला म्हणून ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं होतं. ते बोलायचे ते ओरडून. अत्तर लावायचे ते दोन वर्ग पलीकडं कळेल इतकं. आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कारण कॉलेजातल्या कुणावरही त्यांचा विश्वास नव्हता. कपाट, फ्रीज, सूक्ष्मदर्शकाची पेटी, सगळ्याला कुलूप. कारकुनापासून खालच्या सगळ्यांना ते अरे-तुरे करत, वय काहीही असो.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला तुळजापूरची भैरवी आली. वडील शाळामास्तर, मुलगी अबोल, हुशार आणि भित्री. म्हणजे सरांना जशी विद्यार्थिनी लागते तशी. पण तिनं पहिल्याच आठवड्यात बलभीमला मामा म्हटलं आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते समजावून सांगितलं. जनावर घाबरलं की त्याच्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. त्याच कुळातला दुसरा भाऊ नॉरॲड्रेनलिन. दोघांच्या घराण्याचं नाव कॅटेकोलामाइन. छाती धडधडते, अंग ताठ होतं, ती यांची करणी. आता मेंदूच्या बुडाशी एक इवलीशी पीयूष ग्रंथी असते. घाबरल्यावर तीही आपली संप्रेरकं सोडते: एसीटीएच, प्रोलॅक्टिन. प्रश्न एवढाच, की पीयूष ग्रंथीला ढोसणारे हे कॅटेकोलामाइन बंधूच आहेत का दुसरंच कुणी.

“मग कसं कळणार?” बलभीमनं विचारलं.

भैरवी म्हणाली, उंदरांचे तीन गट करायचे. एक निवांत ठेवायचा. दुसऱ्याला अर्धा तास अरुंद नळीत कोंडायचं, म्हणजे तो घाबरेल. तिसऱ्यालाही कोंडायचं, पण आधी ॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध टोचायचं. मग तिघांचं रक्त तपासायचं. तिसऱ्यातलं संप्रेरक दुसऱ्यापेक्षा उतरलं, तर चोर सापडला.

आधी शेपटीतून थेंब थेंब रक्त घेऊन चाचणी सुरू झाली. सर सकाळी सकाळी देखरेखीला यायचे. दार धाडकन उघडून, किल्ल्या खळखळवत, फोनवर कुणाला तरी झापत आत शिरायचे आणि वजन सुरू असताना बलभीमच्या डोक्यावर उभे राहायचे. एकदा एका उंदराचं वजन दोन ग्रॅम जास्त लागलं. बघितलं तर वजनाच्या डब्यात आधीच्या उंदराच्या लेंड्या पडलेल्या. सरांनी बलभीमला दोन ग्रॅमसाठी वीस मिनिटं सुनावलं. त्या दिवसापासून बलभीम प्रत्येक उंदरानंतर डबा पुसू लागला, आणि पुढं कुणी बोट दाखवू नये म्हणून, जितक्या लेंड्या काढल्या तितके ठिपके वजनाच्या शेजारी, रजिस्टरच्या समासात देऊ लागला. चार महिने तो ठिपके देत होता. रजिस्टरवर सर सही करत. ठिपके कसले, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही; सही करताना ते वाचत नसत.

चार महिन्यांनी सोलापूरच्या प्रयोगशाळेतून आकडे आले आणि सरांची झोप उडाली. नळीत कोंडलेल्या उंदरांचं एसीटीएच आभाळाला टेकलेलं, ते ठीक. पण निवांत ठेवलेल्यांचंही तितकंच. प्रोलॅक्टिनची तीच गत. ज्यांना नळी दाखवलीही नाही ते उंदीर कोंडलेल्या उंदरांइतकेच भेदरलेले होते. तुलना करायला जमीनच उरली नाही.

सरांनी आधी चाचणीचं किट बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं नम्रपणे कळवलं की किट बरोबर आहे. मग त्यांनी भैरवीला बोलावलं आणि तिचं गणित, तिचा हात, तिचं बी.फार्म.चं कॉलेज असं एकेक करून नालायक ठरवलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तरी आकडे बदलेनात, तेव्हा उरला बलभीम. एका संध्याकाळी शिपायानं त्याच्या हातात बंद पाकीट दिलं. आत पत्र होतं: आपणास याद्वारे कळविण्यात येते की, आपल्या निष्काळजीपणामुळे व प्राण्यांच्या अयोग्य हाताळणीमुळे संशोधन प्रकल्पाचे अपरिमित नुकसान झाले आहे, तरी आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

नऊ वर्षांच्या नोकरीत कॉलेजनं त्याला पहिल्यांदाच ‘आपण’ म्हटलं होतं.

बलभीमनं घरी येऊन कागद कमलबाईपुढं ठेवला. निष्काळजी म्हणाले, ते त्यानं गिळलं असतं. पण अयोग्य हाताळणी, हे त्याला झोंबलं. कमलबाईनं कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, खरं काय झालंय ते तुम्हाला मालूम हाय का. तो म्हणाला, हाय. ती म्हणाली, मग लिहा की. तो म्हणाला, खरं बोलून एकदा उंदरांत गेलो, आता कुठं धाडतील. कमलबाई म्हणाली, “उंदरांच्या खाली आजून कोण हाय त्या कॉलेजात? लिहा.”

त्यानं लिहिलं. एक पान, रेषांच्या वहीतलं.

‘महोदय. उंदीर भ्याला की लेंड्या टाकतो. न भ्याला तर टाकत न्हाय, नाहीतर एखादी. वजनाच्या डब्यात पडलेल्या लेंड्यांचे ठिपके रजिस्टरात हायत. मंगळवारी अनिरुद्ध सर मीटिंगला संभाजीनगरला असतात. मंगळवारी निवांत गटाच्या वीस उंदरांत मिळून पाच-सहा ठिपके हायत. बाकीच्या दिवशी सर येतात. तेव्हा शंभराच्या वर हायत. उंदीर तेच, डबा तोच, हात माझाच. तरी योग्य ते व्हावं. बलभीम लोमटे.’

खुलासा ऑफिसात पोचला आणि अर्ध्या तासात कॉलेजभर झाला. कारकुनानं त्याच्या सात झेरॉक्स काढल्या. स्टाफरूममध्ये लोक चहाचा कप हातात धरून हसले, आणि सर आत आले की एकदम परीक्षेच्या वेळापत्रकावर बोलू लागले. कुणी एकजण रजिस्टर उघडून बघायला गेला नाही. हसण्यासाठी तेवढ्याची गरज नव्हती.

भैरवी गेली. तिनं दार आतून लावून घेतलं आणि चार महिन्यांची पानं एकामागून एक उलटली. ठिपक्यांचं रान, मधेच मोकळा मंगळवार. पुन्हा रान, पुन्हा मोकळा मंगळवार. एका आठवड्यात सर सोमवारीही आजारी होते. तो सोमवारही मोकळा. तिनं रजिस्टर मिटलं. मग बलभीमकडं येऊन तिनं विचारलं, “मामा, सर आल्यावर उंदीर करतात तरी काय?”

“सर दारात यायच्या आदीच करतात,” बलभीम म्हणाला. “तिकडं जिन्यात किल्ल्या वाजल्या की इथं साठच्या साठ दगड होतात. आपल्याला आवाज लहान वाटतो, ताई. त्यांना न्हाय वाटत.”

भैरवीला वाचलेलं आठवलं. किल्ल्यांच्या खळखळाटात असे बारीक आवाज असतात जे माणसाच्या कानाच्या पलीकडचे, पण उंदराला ते भोंग्यासारखे. तिनं कुणाला न सांगता पुढच्या तीन मंगळवारी निवांत गटाचं रक्त घेतलं, बलभीमच्या हातावर बसलेल्या उंदरांचं, पिंजरा हलवल्यापासून दोन मिनिटांच्या आत. आकडे आले. एसीटीएच एक-पंचमांश. प्रोलॅक्टिन जवळजवळ तळाला.

आता हे सरांना सांगायचं कुणी, असा प्रश्न होता. भैरवीनं दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी बलभीमला दाराबाहेर उभं केलं आणि आत गेली. बलभीमला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. तिनं कागद टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात, पण एकही वाक्य न गाळता सांगितलं, की निवांत गटाच्या तणावाचं कारण सर स्वतः आहेत. सर उठले, बसले, पुन्हा उठले. कानाच्या पाळ्या लाल, ओठावर घाम, हातातला पेन थरथरतोय. त्या क्षणी कुणी त्यांच्या दंडातून दोन मिलिलिटर रक्त काढलं असतं, तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथंच उरकलं असतं.

पण सर म्हणजे काही उंदीर नव्हते. ते लवकर सावरले. खुर्चीत मागं टेकले, कागद पुन्हा पाहिले, आणि म्हणाले की ही अडचण नव्हे, हा निष्कर्ष आहे, आणि आपल्याला ह्याचा संशय पहिल्या दिवसापासून होता. सहा महिन्यांनी त्यांचा निबंध छापून आला, प्रयोगशाळेतल्या अचानक आवाजांचा उंदरांच्या पीयूष ग्रंथीवर होणारा परिणाम. त्यात सरांचा उल्लेख दोनदा येतो: एकदा मुख्य लेखक म्हणून, आणि एकदा ‘ध्वनीचा अनियमित स्रोत’ म्हणून. दुसऱ्या ठिकाणी नाव नाही. शेवटी अण्णांचे आभार आहेत, त्यांच्या प्रेरणेबद्दल. बलभीमचं प्रकरण ‘खुलासा असमाधानकारक, ताकीद देऊन समाप्त’ असा शेरा मारून फाइलबंद झालं. त्याच आठवड्यात त्याचं रजिस्टर भैरवीच्या प्रबंधाच्या फाइलला पुरावा म्हणून जोडलं गेलं.

मग खरा प्रयोग सुरू झाला, आणि तो बलभीमला माहीत नव्हता तसला होता. शेपटीतून मिळतं तेवढं रक्त पुरणार नव्हतं. ह्या वेळी मान कापून घ्यायचं, म्हणजे उंदीर राहत नाही. भैरवीनं ते त्याला आदल्या दिवशी सांगितलं, नजर चुकवत. पिंजऱ्यातून पलीकडच्या खोलीतल्या टेबलापर्यंत अर्ध्या मिनिटात आणायचा, आणि तेवढ्यात तो भ्यायला नको. भ्याला तर संप्रेरक चढलं, आकडा गेला. नळीत कोंडायच्यांनाही भीती नळीचीच भरली पाहिजे, हाताची नाही. असा आणू शकेल असा हात कॉलेजात एकच होता.

तीन सकाळी मिळून छत्तीस उंदीर बलभीमनं नेले. ते नेहमीसारखे त्याच्या तळहातावर आले, बाहीत नाक खुपसलं, आणि तो त्यांना घेऊन चालत गेला. पहिल्या दिवशी सहावा पोचवून त्यानं हात धुतले आणि पायरीवर जाऊन बसला. भैरवी बाहेर आली. म्हणाली, मामा, राहू द्या, दुसऱ्या कुणाला सांगते.

बलभीमनं ओले हात पुसले. मग म्हणाला, “दुसऱ्याच्या हातात भ्याले तर मेलेलंबी फुकट आन भ्यालेलंबी फुकट. चला.”

उठला आणि सातवा आणायला गेला. त्या तीन दिवसांत घरी तो धड जेवला नाही. स्टँडवर उंदरांच्या गोष्टी सांगणं तेव्हापासून त्यानं बंद केलं.

आकडे मात्र आरशासारखे स्वच्छ आले. निवांत उंदीर तळाला, कोंडलेले शेंड्याला, आणि औषध टोचून कोंडलेले बरोबर मधे. म्हणजे कॅटेकोलामाइन पीयूष ग्रंथीला ढोसतात हे खरं, पण एकटेच नाहीत. औषधानं एसीटीएच अर्धंच उतरलं, उरलेलं मेंदू आपल्या दुसऱ्या वाटेनं चढवतो. भैरवीनं हे बलभीमला सांगितलं. त्यानं विचारलं, म्हणजे पुन्हा छत्तीस लागणार का. ती म्हणाली, मला नाही, पण कुणाला तरी लागतील.

तिच्या मौखिक परीक्षेला कलबुर्गीहून डॉ. उमादेवी आल्या. साठीच्या, कानडी हेल काढून मराठी बोलणाऱ्या. हॉल भरलेला होता, पहिल्या रांगेत अण्णा झोपेला आलेले. बाईंनी एकच आलेख पुन्हा मागवला आणि विचारलं, निवांत गटाचे आकडे इतके खाली कसे. माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तीस वर्षांत मला इतके खाली मिळाले नाहीत. सर उत्तर द्यायला उठले. भैरवी, जी चार वर्षांत सरांच्या आधी कधी बोलली नव्हती, ती म्हणाली, “ते आमच्या बलभीममामांमुळे. ते मागे दारात उभे आहेत.”

बाईंनी मान वळवली, त्याला पुढं बोलावलं, आणि तुम्ही नेमकं काय करता असं विचारलं. सर म्हणाले, मॅडम, आम्ही त्याला खास प्रशिक्षण दिलेलं आहे. बाई म्हणाल्या, मी त्यांना विचारलं.

बलभीमनं अण्णांकडं बघितलं, सरांकडं बघितलं. मागच्या वेळी असंच कुणीतरी कौतुकानं विचारलं होतं, हे त्याला आठवलं नसेल असं नाही.

“काय करत न्हाय, मॅडम,” तो म्हणाला. “लोक लई काय काय करतात, ते करत न्हाय.”

उमादेवी हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर उतरून घेतलं. भैरवी डॉक्टर झाली आणि तीन महिन्यांत पुण्याला नोकरीला गेली. सरांना विद्यापीठाच्या कुठल्याशा समितीवर घेतलं, प्राण्यांना दयाळूपणे हाताळण्याबद्दलच्याच.

त्यानंतर लातूरच्या एका कॉलेजातून पत्र आलं, की श्री. लोमटे यांना आमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक दिवस पाठवावं. सरांनी ते नाकारलं. कामात खंड पडेल म्हणाले. बलभीम रजा टाकून गेला, इस्त्रीचा सदरा घालून. सहा कर्मचारी आणि वह्या घेतलेले दोन प्राध्यापक त्याच्यापुढं बसले होते. त्यानं बोलायच्या ऐवजी त्यांना पिंजऱ्यांपाशी नेलं, प्रत्येकाला एकेका पिंजऱ्यात हात ठेवायला सांगितला आणि दहा मिनिटं हलायचं नाही असं बजावलं. पहिल्या मिनिटाला सगळे हसत होते. चौथ्या मिनिटाला खोलीत आवाज नव्हता. एका जाडजूड कर्मचाऱ्याच्या अंगठ्याला उंदरानं नाक लावलं तेव्हा तो बाप्या लहान पोरासारखा श्वास धरून उभा राहिला.

जेवणानंतर एका प्राध्यापकानं सांगितलं, की हे सगळं लेखी पाहिजे, मॅन्युअल म्हणून. बलभीमनं तीन वाक्यं सांगितली. प्राध्यापक म्हणाले, तीन वाक्यांचं मॅन्युअल समितीला दाखवता येत नाही, निदान बारा पानं लागतात. बलभीम म्हणाला, मग तुमी घाला त्यात जे घालायचं ते, आणि मुरूडमार्गे जाणाऱ्या चारच्या गाडीनं परत निघाला. मॅन्युअल चौदा पानांचं झालं म्हणतात. त्यानं अजून ते पाहिलेलं नाही.